योग्यकार्ता: राजवाड्यात भरलेले वर्ग

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या या शहराच्या नावात अयोध्या दडलेली आहे, पण त्याचा जन्म मात्र भाऊबंदकीतून झाला. 13 फेब्रुवारी 1755 रोजी गियांतीच्या करारानं डच कंपनीनं जावातल्या मातारामच्या राज्याचे दोन तुकडे केले. सुराकार्ता पुतण्याकडे राहिलं आणि काका मंगकुबुमी पहिले सुलतान हामेंगकुबुवोनो म्हणून योग्यकार्तात गादीवर बसले. काका-पुतण्यांचं भांडण आणि मध्ये कंपनी, हे आपल्याला काही नवीन नाही.

जून 1812 मध्ये इंग्रजांनी क्रातॉन, म्हणजे सुलतानांचा वाडा, लुटला. त्या फौजेत हिंदुस्थानी शिपाईही होते. सोनंनाणं गेलंच, पण पोथ्याही गेल्या. त्यांतल्या 75 पोथ्यांची छायाचित्रं 2019 मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं सुलतानांना दिली. मूळ पोथ्या अजून लंडनलाच आहेत.

तरीही आज हे शहर ‘कोता पलाजार’, म्हणजे विद्यार्थ्यांचं शहर, म्हणून ओळखलं जातं. शिक्षणतज्ज्ञ ‘की हाजर देवांतारा’ यांनी 1922 मध्ये इथंच ‘तामान सिस्वा’ ही देशी वळणाची शाळा काढली. 1927 च्या जावा दौऱ्यात रवींद्रनाथ तिथं येऊन गेले. खरं वळण मिळालं ते डचांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात. जाकार्ता सुरक्षित राहिलं नाही, तेव्हा जानेवारी 1946 मध्ये इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकाची राजधानी इथं हलली. 19 डिसेंबर 1948 ला डचांनी शहर घेतलं, आणि बरोबर वर्षानं, 19 डिसेंबर 1949 ला, गाजा मादा विद्यापीठ स्थापन झालं. इमारत नव्हती. लायडनला शिकलेल्या नवव्या सुलतानांनी वाड्याचे पागेलारान आणि सितिहिंगिल हे दरबारी मंडप वर्गांसाठी मोकळे करून दिले. पुढं बुलाकसुमुर भागात विद्यापीठाचं स्वतःचं आवार उभं राहिलं.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंडोनेशिया सरकारनं 1974 मध्ये ‘दर्मसिस्वा’ शिष्यवृत्ती सुरू केली. पदवीसाठी नाही, भाषा, गामेलान (जावाचं वाद्यवृंद-संगीत), बातिक (मेणानं कापड रंगवण्याची कला) असं काही शिकायला. विद्यार्थी राहतात ‘कोस’मध्ये, म्हणजे भाड्याच्या खोलीत (शब्द डचांचा, मागे राहिलेला), आणि रात्री जेवतात ‘अंगक्रिंगान’च्या हातगाडीवर: केळीच्या पानात मूठभर भात, चिमूटभर सांबाल, म्हणजे मिरचीची तिखट चटणी. वर्गात शिकलेली इंडोनेशियन इथं पुरत नाही. गाडीवर बोलणं जावानीजमध्ये चालतं, आणि तिच्यात मान नुसता क्रियापदाच्या प्रत्ययातून दिसत नाही, शब्दच बदलतो. मित्र जेवला तर ‘मांगान’, गुरुजी जेवले तर ‘धाहार’.