कोबीजच्या अळीला औषध का लागू पडेना? पुढची बाटली घ्यायच्या आधी एवढं वाचा

मंडळी नमस्कार. सध्या आमच्या शेती औषधांच्या दुकानात रोज कुणीतरी येऊन सांगतंय की गेल्या साली हेच औषध मारलं तर दोन दिवसात अळी खलास झालेली, यंदा तीन फवारण्या झाल्या तरी पानांची चाळण व्हायची थांबेना, माल डुप्लिकेट आलाय काय? डुप्लिकेट माल बाजारात असतोय, नाही असं नाही, म्हणूनच पक्कं बिल घ्या म्हणतो. खरं बऱ्याच वेळा बाटलीतलं औषध तेच असतं, शिवारातली अळी तेवढी बदललेली असते. कशी बदलते ते नीट समजलं तर तुमचा फवारणीचा निम्मा खर्च वाचेल, आणि आमचा एवढा खप कमी झाला तर होऊ दे.

आम्ही बोलतोय ती डायमंड बॅक मॉथची अळी, हिरवी, बारकी, हात लावला की वळवळत दोऱ्याला लोंबकळणारी. बेळगावजवळच्या कडोली, काकतीपासून खानापूरपर्यंत कोबीज फ्लॉवर करणाऱ्या कुणालाही ती ओळखून द्यायला नको. जगात औषधांना सगळ्यात लवकर दाद देईनाशा झालेल्या किडींत हिचा नंबर वरचा. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाला ती दाद देत नाही हे इंडोनेशियातल्या जावा बेटावर १९५३ मध्येच नोंदवलं गेलं, आणि बीटी जिवाणूच्या फवारणीला शेतात पहिल्यांदा पुरून उरलेली कीडही हीच, हवाई बेटांवर, १९९० च्या सुमारास.

आता लोकांना वाटतं की औषध खाऊन खाऊन अळी घट्ट होते. तसं नसतं. अळी काही शिकत नाही. शिवारात लाखो अळ्या असतात, त्यातल्या एखाद-दुसरीच्या जीनमध्ये जन्मतःच बारीकसा फरक असतो, तुम्ही पंप पाठीवर घ्यायच्या आधीपासूनच. औषध मारलं की बाकीच्या मरतात, ही राहते. मग वाचलेल्यांचे पतंग आपापसात जुळतात, एक मादी दीडशेच्या वर अंडी घालू शकते, आणि उष्ण भागात वर्षाला वीसेक पिढ्या होतात. आपल्याकडं पाणी असलं की एका शेतातला कोबीज निघतोय तोवर शेजारी नवीन लावण झालेली असते, भाजीच्या गाड्या गोव्याला वर्षभर चालू, म्हणजे अळीलाही वर्षभर जेवण चालू.

फरक किती बारीक असतो ते सांगतो. क्लोरअँट्रानिलिप्रोल, फ्लुबेंडायमाईड, सायँट्रानिलिप्रोल ही सगळी डायमाईड गटाची औषधं. ती अळीच्या स्नायूतल्या एका प्रोटीनला चिकटतात, तिथून कॅल्शियम सुटत राहतं, अळी आखडते आणि खाणं बंद करते. हे प्रोटीन म्हणजे पाच हजारांच्या वर मण्यांची माळ समजा, त्यातला ४९४६ व्या जागेवरचा एकच मणी बदलला, ग्लायसीनच्या जागी ग्लुटामिक आम्ल आलं, की औषधाला नीट चिकटायलाच येत नाही. एवढ्यावर खेळ संपला. फिलिपिन्स आणि थायलंडमधल्या अळ्यांत हा बदल २०१२ मध्ये दाखवला गेला, ही औषधं बाजारात येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.

आता खरा मुद्दा, इथं जरा सावकाश वाचा. प्रत्येक अळीत या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून. डायमाईडच्या बाबतीत दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच अळी पूर्ण डोस पचवते, एकच बदललेली असेल तर पूर्ण डोसला ती बहुतेक मरते. समजा हजार प्रतींमागं एक बदललेली आहे. तर दोन्ही बदललेली अळी दहा लाखात एक निघेल, खरं एकच बदललेली मात्र पाचशेत एक. तुम्ही पंपाला निम्मंच औषध टाकलं, किंवा डोस बरोबर घेऊन घाईत पानाच्या वरूनच पंप फिरवला आणि खालच्या बाजूला बसलेल्या अळीला थोडंसंच लागलं, तर ही पाचशेतली एकसुद्धा वाचते. म्हणजे वाचणाऱ्या दोन हजार पटीनं वाढल्या. पैसे वाचवायला कमी डोस मारणारे आमचे बरेच गिऱ्हाईक आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे, कमी मारायचं असेल तर फवारणी कमी करा, डोस नको. कोबीजचं पान मेणचट असतं, स्टिकर (औषध पानाला चिकटून राहावं म्हणून टाकीत घालतात ते) घाला, नोझल चांगला ठेवा.

मग डबल डोस मारू काय, असं कुणी विचारतंयच. नको. दोन्ही प्रती बदललेल्या अळीला डबलनं काही फरक पडत नाही, मरतात त्या साध्या अळ्या आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाश्या, ज्या फुकटात तुमचं काम करत असतात. साधे पतंग शिवारात थोडे राहायलाच पाहिजेत, कारण बदललेला पतंग साध्याशी जुळला तर पोरांत एकच प्रत बदललेली असते आणि ती पूर्ण डोसला मरतात. बीटी कापसाच्या पाकिटाबरोबर साधं बियाणं देत होते ते याच्यासाठीच, बहुतेकांनी ते बांधावर टाकून दिलं, पुढं गुलाबी बोंडअळी बीटी कापसालाही कशी पुरून उरली ते सौंदत्ती बैलहोंगलकडच्या पाव्हण्यांना विचारा.

बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नसतं

ही चूक सगळ्यात जास्त होते. एका कंपनीचं लागू पडेना म्हणून दुसऱ्या कंपनीचं नेतात, आत तेच डायमाईड. ब्रँडचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं ते वाचा. औषध अळीच्या शरीरात कुठं मार करतं त्यावरून गटांना जगभर एकच नंबर दिलेत. डायमाईड २८, स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम ५, इमामेक्टिन ६, इंडोक्साकार्ब २२, क्लोरफेनापिर १३, नोव्हाल्युरॉन १५, सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉईड ३, बीटी ११. नंबर तोच तर औषध तेच समजायचं. आणि लेबलवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण बघून "लाल द्या, कडक असतंय" म्हणू नका, तो रंग माणसाला आणि जनावराला किती विषारी ते सांगतो, अळीचा त्यात काही संबंध नाही.

नंबर बदलायचा कधी, तर दर फवारणीला नाही, पिढीला. लावणीपासून पहिला महिनाभर एक नंबर, लेबलवर जितक्यांदा मारा म्हटलंय तेवढ्यातच, दुसऱ्या महिन्यात तो अजिबात नाही, दुसरा नंबर, तिसऱ्यात तिसरा. म्हणजे पहिल्या नंबरला पुरून उरलेल्यांची पोरं दुसऱ्या नंबरला सापडतात. दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवून मारालेत काहीजण, ते तर सगळे पत्ते एका डावात टाकल्यासारखं.

खरं नंबर बदलला की शंभर टक्के सुटका, असंही आम्ही म्हणणार नाही. काही किडी औषध पोटातच फोडून टाकतात. हरभऱ्यावरच्या घाटेअळीत दोन शेजारच्या जीनचे तुकडे जुळून एक नवीनच जीन तयार झालाय, तो फेनव्हलरेट हे पायरेथ्रॉईड औषध मोडतो. आणि असली यंत्रणा कधी कधी वेगळ्या नंबरच्या औषधालाही लागू होते. म्हणून औषधाशिवायचं पण थोडं करा. कोबीजच्या २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी, ही बेंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची जुनी शिफारस. पतंग मोहरीकडं ओढले जातात. सुरवातीला अळी बारीक असताना निंबोळी अर्क किंवा बीटी मारा, कडक औषध मागं ठेवा. तयार रोपं आणत असाल तर पानाखाली बघून घ्या, रोपवाल्यानं कुठला नंबर मारलाय तेही विचारा, नाहीतर पहिल्याच महिन्यात तुम्ही त्याचाच नंबर पुन्हा मारणार. काढणी झाली की खोडकं शेतात उभी ठेवू नका. पतंग बांध बघत नाही, त्यामुळं शेजारच्याला पण हा कागद द्या.

आमच्याकडून एवढं करतोय: बिलावर ब्रँडच्या बाजूला गटाचा नंबर पेनानं लिहून देतो. पुढच्या वेळी येताना जुनं बिल आणि लागण झालेली चार पानं अळीसकट पिशवीत घालून आणा, लावणीची तारीख सांगा. बिल हरवलं असेल तर रिकाम्या बाटलीचा फोटो मोबाईलवर दाखवला तरी चालतंय.