डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचे आरोग्य आणि सांभाळ (नागपूर)

डाउन सिंड्रोमसह जगणाऱ्या, अठरा वर्षे ओलांडलेल्या व्यक्तींची वैद्यकीय देखरेख, त्यांची दिनचर्या आणि आईवडिलांनंतरची तजवीज असा या विषयाचा आवाका आहे. पेशीत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे, हे या स्थितीचे मूळ. सुमारे ९५ टक्के व्यक्तींत ही तिसरी प्रत सुटी असते. उरलेल्यांत ती वेगळ्या एखाद्या गुणसूत्राला जोडलेली असते किंवा काही पेशींतच आढळते. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये लक्षणांचे वर्णन केले. जादा गुणसूत्राचा शोध जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रौढांचा वेगळा विचार त्या मानाने अलीकडचा आहे. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. प्रगत देशांत आता ते साठीला पोहोचले आहे. जन्मजात हृदयदोषांवर लहानपणीच शस्त्रक्रिया होऊ लागल्या, हे त्याचे एक मोठे कारण. नागपुरातही विशेष शाळा आणि बालरोगतज्ज्ञ यांची सोबत साधारण अठरापर्यंत असते. त्यानंतर ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही सरकारी रुग्णालये असोत की मिहानमधले एम्स, थायरॉइडसाठी एक ओपीडी, कानासाठी दुसरी, मनासाठी तिसरी. सगळे कागद एकत्र धरून बसलेली व्यक्ती घरातलीच असते, आणि बहुधा ती आई असते.

या सांभाळातला कळीचा नियम एकच आहे: गुणसूत्र बदलत नाही, म्हणून माणूस बदलला तर कारण शोधायचे. ‘त्याचं असंच असतं’ हे वाक्य घरात, शेजारात आणि दवाखान्यातही ऐकू येते, आणि उपचार होऊ शकणारे कितीतरी आजार त्याखाली दडतात. समजा, रोज सीताबर्डीपर्यंत मेट्रोने जाणारा तिशीतला एक जण एके दिवशी सरकत्या जिन्यापाशी थबकला. दुसऱ्या दिवशीही थबकला आणि पुढे घरातून निघेनासा झाला. घरच्यांना तो हट्ट वाटतो. पण पायरीची कड दिसत नसेल तर? मोतीबिंदू आणि बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा विकार, दोन्ही या व्यक्तींत जास्त आणि लवकर दिसतात. डोळे तपासल्याशिवाय त्याला हट्टी म्हणता येत नाही.

कानाचेही तसेच. कानाची नळी अरुंद असल्याने मळ साचतो आणि वयानुसार येणारा बहिरेपणाही लवकर येतो. हाक मारल्यावर ओ न देणारा प्रत्येक जण रुसलेला नसतो. दुखणे सांगण्याची रीत वेगळी असते, हेही लक्षात ठेवावे लागते. दाढ ठणकत असताना कोणी ‘दुखतंय’ म्हणेल असे नाही. तो फक्त भाकर बाजूला सारेल. दात किडण्याचे प्रमाण कमी असले तरी हिरड्यांचे आजार बरेच असतात.

थायरॉइड मंदावणे इतके नेहमीचे आहे की २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रौढांसाठीच्या मार्गदर्शिकेत २१ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासायला सांगितले आहे. मधुमेहाची चाचणी तिशीपासून दर तीन वर्षांनी आणि लठ्ठपणा असेल तर एकविसाव्या वर्षापासून. सुस्ती, वजन, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा ही थायरॉइडची लक्षणे ‘डाउनची’ म्हणून सहज खपून जातात. साध्या रक्ततपासणीने ती वेगळी काढता येतात.

झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप अॅप्निया, निम्म्याहून अधिक प्रौढांत आढळतो. लहान जबडा, तुलनेने मोठी जीभ आणि शिथिल स्नायू यांमुळे झोपेत श्वासमार्ग मिटतो. काही जण मांडी घालून, पुढे ओणवे होऊन, डोके गादीवर टेकवून झोपतात. घरात त्याचे कौतुक होते, फोटोही निघतात. प्रत्यक्षात श्वास मोकळा ठेवण्यासाठी शरीराने काढलेली ती वाट असू शकते. नागपुरात यात एक स्थानिक अडचण आहे. मार्च ते जून घरोघरी कूलर घरघरत असतो आणि त्या आवाजात घोरणे, मधेच थांबलेला श्वास, मग आलेला हुंदक्यासारखा झटका, यांतले काहीच ऐकू येत नाही. कूलर पाच मिनिटे बंद करून मोबाइलवर रेकॉर्डिंग केले तर डॉक्टरांपुढे बोलणे सोपे जाते. पुढे झोपेची तपासणी आणि गरज पडल्यास सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र. मास्क पहिल्याच रात्री कोणी स्वीकारत नाही; दिवसा टीव्ही बघताना तो हातात, मग नाकाशी, मग पाच मिनिटे, अशी सवय लावावी लागते.

उन्हाळ्याचा प्रश्न झोपेपुरता नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तहान लागल्याचे स्वतःहून न सांगणाऱ्याला ठरावीक वेळेला पाणी, ताक किंवा पन्हे हातात द्यावे लागते. फिरणे सकाळी उन्हाच्या आधी. फुटाळा तलावाच्या काठावर किंवा अंबाझरी तलावाला, रोज त्याच रस्त्याने गेले तर बरे, कारण ठरलेला क्रम या व्यक्तींना मनापासून आवडतो. या व्यक्तींचे वजन पटकन वाढते. त्यात लग्नाच्या पंगतीत ‘खाऊ द्या हो बिचाऱ्याला’ म्हणत पानात पडणारी जिलेबी आणि कार्यक्रमाला जाताना वाटेत थांबून घेतलेले तर्री पोहे. चाळिशीतल्या माणसाला ‘बाळ’ म्हणणे आणि गोडाने त्याचे लाड करणे या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही त्याला महागात पडतात. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिअॅक आजारही इथे जास्त आढळतो. तो निघालाच तर ज्वारीची भाकर विदर्भाच्या ताटात आधीच आहे, ही मोठीच सोय.

मानेच्या वरच्या दोन मणक्यांतली ढिलाई काहींत असते. चाल अचानक बदलणे, हातातून वस्तू पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही तातडीने दाखवायची लक्षणे होत. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला मानेबद्दल आणि अरुंद श्वासमार्गाबद्दल आठवणीने सांगावे. स्त्रियांत पाळी लवकर थांबते, त्यामुळे हाडांची काळजीही आधी सुरू होते.

स्वतःशी मोठ्याने बोलणे हे अनेक प्रौढांचे विचार करण्याचे, दिवस उलगडून पाहण्याचे साधन असते. त्यावरून वेडाचे निदान करून गोळ्या सुरू करणे चूक. बोलण्याचा सूर बदलला, ते भेदरलेले झाले, जेवण तुटले, तर मात्र दखल घ्यावी. उदासीमागे पुष्कळदा न सांगितलेला मृत्यू असतो. ‘बाबा गावाला गेले’ असे सांगून मुलाला मोक्षधामला नेत नाहीत, तेराव्याला आतल्या खोलीत बसवतात. तो महिनोन्महिने दाराशी चप्पल शोधत राहतो. साध्या शब्दांत खरे सांगितले, फोटोला हार त्यालाच घालू दिला, तर शोकाला वाट मिळते.

अल्झायमर हा या आयुष्यातला सर्वांत अवघड टप्पा. त्यात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे मूळ जनुक २१ व्या गुणसूत्रावरच आहे, त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळपास सर्वांच्या मेंदूत त्याच्या खुणा तयार झालेल्या असतात. लक्षणे सरासरी पन्नाशीच्या मध्यात दिसू लागतात. सुरुवात विसरण्याने होईलच असे नाही. स्वभाव बदलतो, अंगवळणी पडलेले काम अडखळते किंवा पहिल्यांदाच फिट येते. मार्गदर्शिका चाळिशीपासून नियमित पडताळणी सांगते. चाळिशीआधीच ‘स्मृतिभ्रंश’ म्हणण्याची घाई मात्र करू नये. थायरॉइड, झोप, ऐकू येणे, नैराश्य हे आधी तपासायचे. नेहमीच्या स्मरणचाचण्या इथे फारशा कामाच्या नाहीत, कारण तुलना त्याच माणसाच्या कालच्या रूपाशी करायची असते. म्हणून पस्तिशीतच चहा करताना, शर्टाची बटणे लावताना, सही करताना असे छोटे व्हिडिओ काढून ठेवणे उपयोगी पडते.

कागदपत्रांच्या बाजूला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा हे दोन आधार आहेत. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. २०१६ चा कायदा निर्णय त्या व्यक्तीसोबत मिळून घेण्यावर भर देतो. न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी द्यावी लागत नाही. सरकारी निवृत्तिवेतनधारकांनी आपल्या दिव्यांग अपत्याचे नाव हयातीतच कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदांत घालून घ्यावे. मागे राहिलेल्या भावंडांना नंतर ते करणे फार जड जाते. भावंडे बरेचदा पुण्याला किंवा बंगळुरूला असतात. त्यांच्यासाठी काही घरांत यूडीआयडी कार्डासोबत (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) एक वही ठेवलेली दिसते: गोळ्या कोणत्या, कुठल्या आवाजाची भीती वाटते, आंघोळीला पाणी किती कोमट, आणि रुसला तर कुणाचे नाव घेतल्यावर हसतो.