समाधान मोजायचं मीटर कुणाकडेच नाही

‘पाण्याच्या पहिल्या ग्लासातून १० युटिल, दुसऱ्यातून ८, तिसऱ्यातून ५.’ युटिल म्हणजे समाधान मोजायचं एकक. हा तक्ता अर्थशास्त्राच्या वर्गात डोक्यात बसतो आणि वाटतं, अर्थतज्ज्ञ समाधान थर्मामीटरसारखं मोजतात. मुळीच नाही. ते आकडे कल्पित असतात. तहान भागत जाते तशी पुढच्या ग्लासाची ओढ कमी होते, एवढंच त्यातून दाखवायचं असतं.

गैरसमजाला जुनं मूळ आहे. अर्थतज्ज्ञ एजवर्थ यांनी १८८१ मध्ये सुख मोजणाऱ्या यंत्राची कल्पना खरोखरच मांडली होती. पुढे पॅरेटो यांनी, आणि १९३४ मध्ये हिक्स व ॲलन यांनी दाखवलं की आकडा लागतच नाही, पसंतीचा क्रम पुरतो. पुस्तक छत्रीपेक्षा हवंसं वाटतं. ‘किती पट’ हा प्रश्नच नको.

१९३८ मध्ये सॅम्युएलसन यांनी तर मनात डोकावणंच सोडलं. दोन्ही वस्तू परवडत असताना तुम्ही पुस्तक उचललंत, म्हणजे पसंती दिसली. मला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते.

पैशात हिशोब होतो, पण तो वेगळा. १०० रुपये द्यायची तयारी होती, वस्तू ७० ला मिळाली, तर ३० हे संतोषाधिक्य. ते समाधान नव्हे, देण्याची तयारी आणि प्रत्यक्ष किंमत यांतला फरक. श्रीमंताची तयारी मोठी असते, म्हणून त्याचा आनंदही मोठा ठरत नाही.