नैराश्यविरोधी औषधांवरील वाढते अवलंबन

नैराश्य, चिंताविकार आणि तत्सम मानसिक त्रासांसाठी घ्यावयाची औषधे लोकसंख्येच्या मोठ्या हिश्श्याच्या नित्य जीवनाचा भाग बनण्याची प्रक्रिया. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ती बहुतेक श्रीमंत देशांत दिसून येते. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेतून दवाखान्याबाहेरच्या औषधालयांत दिल्या जाणाऱ्या औषधांची मोजदाद होत असल्याने तेथील चित्र विशेष स्पष्ट आहे. २०१७-१८ मध्ये तेथील ७३ लाख प्रौढांना, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या १७ टक्क्यांना, किमान एकदा असे औषध लिहून दिले गेले; २०२२-२३ मध्ये सर्व वयोगट मिळून ही संख्या सुमारे ८६ लाख होती. यांतील प्रत्येकाला नैराश्यच होते असे मात्र नाही, कारण अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे अल्प मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनांवर व अर्धशिशीवरही दिली जातात.

या औषधांचा शोध काहीसा योगायोगाने लागला. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले असता त्यांच्यात अनपेक्षित उत्साह दिसू लागला, तर स्वित्झर्लंडमधील रोलँड कुन यांनी स्किझोफ्रेनियासाठी तपासल्या जाणाऱ्या इमिप्रामिनचा नैराश्यावरील परिणाम १९५७ मध्ये नोंदवला. इमिप्रामिनच्या वर्गातील औषधे जादा प्रमाणात घेतल्यास जीवघेणी ठरत. ज्या रुग्णाच्या मनात आत्महत्येचा विचार असू शकतो, त्याच्याच हाती अशा गोळ्या देताना सामान्य डॉक्टर साहजिकच कचरत असत. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला मान्यता मिळाली आणि मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण रोखणाऱ्या या नव्या वर्गाने ती भीती बरीच कमी केली. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डायझेपामसारखी शामक औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असे बजावले. डॉक्टरपुढे बसलेला बेचैन, झोप उडालेला माणूस तोच राहिला. त्याच्यासाठी लिहायची गोळी बदलली. १९९२ ते १९९६ या काळात ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञ आणि सामान्य डॉक्टर यांच्या व्यावसायिक संस्थांनी नैराश्याचे निदान वेळीच व्हावे म्हणून संयुक्त मोहीम चालवली. या गोळ्यांची सवय लागते हा जनतेचा समज चुकीचा असल्याचे तिने आवर्जून सांगितले.

आजारी माणसांची संख्या वाढली म्हणून औषधांचा खप वाढला, हे सर्वसाधारण स्पष्टीकरण अपुरे आहे. ब्रिटनमधील सामान्य डॉक्टरांकडील नोंदींच्या आधारे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १९९३ ते २००४ या काळात दर रुग्णामागे लिहिल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांची वार्षिक सरासरी २.८ वरून ५.६ वर गेल्याचे दिसले. म्हणजे वाढ प्रामुख्याने औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमुळे झाली होती. पुढे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २०१९च्या आढाव्यानेही याला दुजोरा दिला: मार्च २०१८ मध्ये औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ९ लाख ३० हजार लोक किमान तीन वर्षे सलग ते घेत होते. औषध सुरू करण्याचा निर्णय डॉक्टर एका छोट्या भेटीत घेऊ शकतो. ते केव्हा व कसे थांबवायचे याचा विचार करण्यासाठी मात्र कोणतीच ठरलेली भेट नसते आणि चिठ्ठीचे नूतनीकरण आपोआप होत राहते. वाढत्या अवलंबनाचे मूळ या रचनेत शोधले पाहिजे. रुग्णांच्या मनोदौर्बल्यात ते शोधणे अन्यायाचे आहे.

औषधे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. २१ औषधांवरील ५२२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ही सर्व औषधे, तुलनेसाठी दिल्या जाणाऱ्या औषधविरहित बनावट गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक माफक होता आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या. तीव्र नैराश्यात, जेव्हा माणूस अन्न सोडतो, अंथरुणातून उठत नाही, तेव्हा या गोळ्यांचे मोल फार मोठे असते. पंचविशीच्या आतील रुग्णांत उपचाराच्या सुरुवातीस आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत २००४ पासून औषधाच्या वेष्टनावर ठळक इशारा देणे बंधनकारक आहे; आरंभी तो मुले व किशोरांपुरता होता, २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांचा त्यात समावेश झाला. सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येते, ही जाहिरातींतून घरोघरी पोहोचलेली मांडणी मात्र पुराव्यावर टिकलेली नाही. ती खरी मानणाऱ्या रुग्णाला गोळी जन्मभर लागणारच असे वाटणे स्वाभाविक आहे.

या औषधांची चटक लागत नाही, मात्रा वाढवत नेण्याची ओढ निर्माण होत नाही. तरीही शरीर त्यांना सरावते. अचानक बंद केल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, निद्रानाश आणि डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके असे त्रास अनेकांना होतात. पॅरोक्सेटीन व व्हेनलाफॅक्सिन यांसारख्या शरीरातून लवकर बाहेर पडणाऱ्या औषधांत ते अधिक आढळतात. यामागील गणित सिटॅलोप्राम या नैराश्यविरोधी औषधाच्या उदाहरणाने समजते. त्याची २० मिलिग्रॅमची मात्रा सेरोटोनिन वाहून नेणारी सुमारे ८० टक्के प्रथिने व्यापते आणि ४० मिलिग्रॅम घेतले तरी हे प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपासच जाते. उलट अवघ्या ५.४ मिलिग्रॅमनेही ६० टक्के प्रथिने व्यापली जातात. म्हणून ‘आधी अर्धी, मग पाव, मग बंद’ या प्रचलित पद्धतीत सर्वांत मोठी घसरण शेवटच्या पावलाला होते. त्या टप्प्यावर द्रवरूप औषध वापरून अगदी थेंबाथेंबाने खाली यावे लागते. अशा वेळी होणारा त्रास मूळ आजार परतल्याची खूण समजला गेला, की गोळी पुन्हा सुरू होते. आजार खरोखर परतण्याचा धोकाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या ४७८ ब्रिटिश रुग्णांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के, तर क्रमाक्रमाने थांबवणाऱ्यांपैकी ५६ टक्के रुग्णांना नैराश्याने पुन्हा गाठले. मात्र थांबवणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांना वर्षभरात नैराश्याने पुन्हा गाठले नाही, ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इंग्लंडच्या २०२२च्या अधिकृत मार्गदर्शनानुसार सौम्य नैराश्यात, रुग्णाची स्वतःची पसंती नसेल तर, औषध हा पहिला उपाय म्हणून सरसकट सुचवू नये.

भारतातील स्थिती याहून भिन्न आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. येथे औषध न मिळणे आणि मिळालेले औषध देखरेखीविना चालू राहणे, हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत. एस्सिटॅलोप्राम हे नैराश्यावरील आणि क्लोनाझेपाम हे डायझेपामच्या वर्गातील शामक, ही दोन औषधे एकाच गोळीत एकत्र करून विकली जातात. ‘झोपेची गोळी’ म्हणून ती घेणाऱ्याला आपण नैराश्यावरील औषध घेत आहोत याची कल्पना असतेच असे नाही, आणि त्यातील क्लोनाझेपामची सवय लागू शकते. गोव्यातील दोन चाचण्या या संदर्भात उद्‌बोधक आहेत. सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागांतील रुग्णांवर झालेल्या २००३च्या चाचणीत दोन महिन्यांनंतर फ्लुऑक्सेटीन बनावट गोळीपेक्षा सरस ठरले, समुपदेशन ठरले नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांना, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी काही आठवडे भेटून रोजची कामे व माणसांशी संपर्क पुन्हा सुरू करण्यास मदत केली. तीन महिन्यांनंतर अशा ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर केवळ केंद्रातील सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.