९० मिलिमीटर, पण किती वेळात?

आमच्याकडून पर्जन्यमापक घेतलेल्या ग्रामपंचायती, शेतकरी गट आणि तलाव सांभाळणाऱ्यांसाठी

पाऊस उघडला की गावात पहिला प्रश्न एकच, ‘किती झाला?’ नाल्याच्या पुराचा अंदाज बांधायचा असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

हिशोब करून बघा. नाल्याचं पाणलोट क्षेत्र ६ चौरस किलोमीटर, दिवसभराचा पाऊस ९० मिलिमीटर. तो चोवीस तास झडीसारखा सारखा पडला आणि निम्मं पाणी मुरलं, तर नाल्याला सेकंदाला साधारण ३ हजार लिटर पाणी येतं. त्याच ९० पैकी ६० मिलिमीटर एका तासात कोसळला, तर त्या तासाला तोच नाला सेकंदाला ५० हजार लिटरपर्यंत जातो. रपटा बुडतो, काठची वावरं खरडून जातात. वहीत मात्र दोन्ही दिवशी ९० च. नदीचं मॉडेल म्हणजे संगणकावर केलेला हाच हिशोब; त्याला दिवसाची एकच बेरीज दिली, तर लहान नाल्याचा पूर ते हमखास कमी दाखवतं.

त्यात आपली काळी जमीन. जूनमध्ये भेगा पडलेलं वावर पहिलं पाणी पिऊन टाकतं. ऑगस्टमध्ये माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरणं फार मंदावतं आणि वरचं ‘निम्मं’ लागू राहत नाही. म्हणून मागच्या आठवड्याच्या नोंदीही जपून ठेवा.

सरकारी पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. पहाटे सहा ते अकरा सलग ११० मिलिमीटर पडला, तर ५५-५५ असा दोन तारखांत वाटला जाऊ शकतो आणि अतिवृष्टीची ६५ ची रेषा एकाही दिवशी गाठली जात नाही. पंधरा मिनिटांची नोंद असेल तर खरं काय घडलं ते दिसतं.

मैदानी भागात ५२० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक, असं भारतीय मानक सांगतं. वर्धा, वैनगंगेसारख्या मोठ्या नद्यांना ते बरंच चालतं. नाल्याला चालत नाही. शिवाराच्या एका टोकाला धो धो आणि दुसऱ्या टोकाला धूळ, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. म्हणून गावात एकच यंत्र बसणार असेल, तर ते ग्रामपंचायतीजवळ न बसवता नाल्याच्या वरच्या अंगाला बसवा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

आमच्या हातून झालेली एक चूकही सांगतो. एक यंत्र आम्ही कडुनिंबाजवळ बसवलं होतं. पाल्याने नरसाळं तुंबलं, साचलेलं पाणी रात्रभर झिरपत राहिलं. बेरीज जवळपास बरोबर आली, पण तासाभराची सर आलेखावर संथ झड होऊन उमटली. नाला चढून गेला तरी आमचा अंदाज शांतच होता. तेव्हापासून जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडल्याशिवाय आम्ही यंत्र बसवत नाही.

मृग लागण्याआधी नरसाळं आणि जाळी पुसून घ्या, पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. आतलं भांडं ०.२ मिलिमीटर पाणी भरलं की कलतं; यंत्र हे कलणं मोजतं आणि सांडलेलं पाणी खालच्या बाटलीत जमतं. कलताना वरून येणारं थोडं पाणी मोजणीतून निसटतं, म्हणून मुसळधार पावसात यंत्र कमी मोजतं. खालच्या बाटलीतलं पाणी मापाने मोजून यंत्राच्या आकड्याशेजारी लिहा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर आम्हाला कळवा, आम्ही येऊन यंत्र तपासून देऊ.