ऊसतोड, दुष्काळ आणि मूत्रपिंडाचा ‘६०’ चा आकडा

मूत्रपिंडाचं दुखणं आईच्या पोटातच सुरू होऊ शकतं, हा विचार १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. रक्त गाळणारे नेफ्रॉन गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. कमी वजनाच्या बाळाला ते बहुधा मुळातच कमी मिळतात. नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या उपासमारीत जे मधल्या महिन्यांचे गर्भ होते, त्यांच्या लघवीतून पन्नाशीच्या आसपास अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जास्त प्रमाणात जाताना आढळलं. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळात गरोदर बायाही खडी फोडायला गेल्या, सुकडीवर दिवस काढले. ती लेकरं आता पन्नाशीपार आहेत.

मोठेपणीचा ताण दोन वाटांनी येतो. नापिकी आणि कर्जाची काळजी सतत राहिली की रक्तदाब आणि साखर चढते. मात्र त्यात एकट्या काळजीचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. दुसरी वाट अंगमेहनतीची. मधुमेह, रक्तदाब नसताना मूत्रपिंडं निकामी झालेले शेतमजूर २००२ च्या सुमारास एल साल्वादोरमध्ये नोंदले गेले, पुढे शेजारच्या देशांत ऊसतोड मजुरांतही तेच दिसलं. ऊन आणि अपुरं पाणी यांवर मुख्य संशय आहे. कीटकनाशकांचा वाद अजून मिटलेला नाही.

त्याच २००२ साली मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराची व्याख्या ठरली: रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला ६० मिलीलिटरच्या खाली, किंवा अल्ब्युमिनसारखी इजेची खूण, आणि तीही तीन महिने टिकलेली. वयाप्रमाणे आकडा बदलायचा नाही, असं ठरलं. इथेच वाद पेटला. वयानुसार वेग उतरतोच, मग ५५ वर आलेली ऐंशीची आजी आजारी कशी? उलट पंचविशीतल्या पोराचा वेग ७० वर घसरला, तरी आकड्यापुरता तो निरोगीच. मला ही दुसरी बाजू जास्त गंभीर वाटते. हा वेग बहुतेक ठिकाणी रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून काढतात (ते जितकं कमी, तितका वेग चांगला), आणि क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. हडकुळ्या मजुराचं क्रिएटिनिन कमीच भरतं, त्यामुळे त्याचा वेग असतो त्यापेक्षा कागदावर चांगला दिसतो.

तीन महिन्यांच्या अटीचंही तसंच. बीडचं जोडपं मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीला कोयत्यावर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. शेवटचे फड तर रणरणत्या उन्हात. कारखान्याच्या तळावर दुसरी तपासणी करणार कोण? अंगदुखीवर घेतलेली गोळी पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते, ते वेगळंच.

२०१२ च्या सुधारित वर्गीकरणात अल्ब्युमिनला वेगाच्या बरोबरीचं स्थान मिळालं. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिसची राष्ट्रीय योजना आली. ती मूत्रपिंड गेल्यावरची सोय. लघवीची तपासणी एकदा गाव सोडताना आणि एकदा परतल्यावर केली, तर तीन महिन्यांची अट आपोआप पुरी होते.