व्हेंडेटा
पिढीजात वैर व त्यातून होणाऱ्या सूडाच्या हत्या या अर्थाचा इंग्रजी शब्द. तो इटालियनमधून साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत आला असावा. मूळ लॅटिन शब्द ‘विंडिक्टा’. संस्कृत ‘रक्त’चे प्राकृतात ‘रत्त’ व्हावे, तसाच लॅटिन ‘क्ट’चा इटालियनमध्ये ‘त्त’ झाला. सूडवाचक ‘रिव्हेंज’ व ‘व्हेंजन्स’ हे शब्द याच कुळातले, पण ते काही शतके आधी फ्रेंचमार्गे आले. दोषमुक्त ठरवणे या अर्थाचा ‘व्हिंडिकेट’ही त्यांचाच भाऊबंद.

‘विंडिक्टा’ म्हणजे सूड, तशीच रोमन न्यायविधीतील काठीही. दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस याच्या वर्णनानुसार, गुलामावर मालकी सांगणारा त्याला हाताने धरून ‘हा माझा’ असे म्हणे व अंगाला काठी टेकवी. ही काठी भाल्याच्या जागी, असे गायस म्हणतो. गुलामाला मुक्त करण्याच्या एका विधीचे नावही हेच होते. प्रजासत्ताकाविरुद्धचा कट उघड करून मुक्त झालेल्या विंडिशियस या गुलामावरून हे नाव पडले, असे काहींचे मत रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदवले आहे. मात्र शब्दावरून माणूस कल्पिला गेला असण्याचा संभव अधिक. ‘विंडेक्स’ (कैवारी) या मूळ रूपाची फोड वादग्रस्त आहे. ‘बळ’ व ‘सांगणे’ अशी जुनी फोड अर्थाला जुळते, परंतु समासात ‘बळ’चे द्वितीयेचे रूप यावे हे खटकते. काहींनी पूर्वपदाचा संबंध प्राचीन आयरिशमधील कुलवाचक ‘फिने’शी जोडला आहे. पुढचा कुळाच्या सूडाचा अर्थ पाहता ही फोड मोहक वाटते. तरी ‘न्याय’ व ‘सांगणे’ यांपासून बनलेल्या ‘यूडेक्स’चे (न्यायाधीश) साम्य जुन्या फोडीकडे झुकवते.

शब्दाची ख्याती भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटामुळे झाली. हे बेट जेनोआ या इटालियन नगरराज्याकडून १७६८ च्या तहान्वये फ्रान्सकडे गेले. तेथे मृताजवळ बायका ‘वोचेरो’ हे विलापगीत म्हणत, त्यात सूडाचे आवाहन असे. ‘बापाचा सूड अजून उगवला नाहीस’ अशा जाहीर टोमण्याला ‘रिंबेक्को’ म्हणत; जेनोआच्या कायद्यात तो दंडनीय होता. फ्रेंच लेखक प्रॉस्पेर मेरिमेच्या ‘कोलोंबा’ (१८४०) या कथेने ही सूडाची प्रथा युरोपभर पोहोचवली.

आज इंग्रजीत कोणत्याही दीर्घ आकसाला हा शब्द लावतात. मराठी वृत्तपत्रे त्यासाठी ‘सूडबुद्धी’ वापरतात. तीत कुळाचा अर्थ उरत नाही.